पट्टीवरचे नाव माझे नाही

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. या दिवाणखान्यात आलेले पाहुणे ज्या सोनेरी तबकडीशेजारी उभे राहून फोटो काढतात, ती मीच. माझ्या चौकटीखालच्या पितळी पट्टीवर एका गाजलेल्या अल्बमचे नाव कोरले आहे. ते नाव माझे नाही, आणि याचा मला भयंकर संताप येतो.

मी जन्मले तेव्हा कुळकुळीत काळी होते. दोन भावांच्या रॉक बँडची मी पहिली रेकॉर्ड. थोरला ड्रम वाजवी, धाकटा गिटार वाजवून गाई. वडिलांची गाडी बाहेर काढून त्यांनी गॅरेजमध्ये माझी गाणी बसवली. शेजारी भांडायला आले की थोरलाच दारात जाऊन बोलणी खाई. माझ्या शेवटच्या लांबलचक गाण्यात बराच वेळ त्याचे ड्रम एकटेच वाजतात. पण ऐकणार कोण? मी खपलेच नाही. गोदामातल्या खोक्यात धूळ खात पडले.

धाकट्याने सगळे खापर थोरल्यावर फोडले, बँड सोडला आणि एकट्याचा अल्बम काढला. तो असा खपला की दुकानांना प्रती पुरेनात. कंपनीने सत्कार ठरवला. त्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली एक रेकॉर्ड हवी होती. हातोहात विकली जाणारी प्रत भिंतीवर कशाला वाया घालवा? म्हणून गोदामातून मला उचलले, मुलामा चढवला आणि मधोमध धाकट्याच्या अल्बमचा कागद चिकटवला. तेव्हापासून मी दुसऱ्याचे कौतुक अंगावर मिरवते आहे.

परवा इथे, धाकट्याच्या घरी, मेजवानी होती. आईने भरीस घातले म्हणून थोरलाही आला होता. धाकटा पाहुण्यांना सांगत होता, बँडमध्ये राहिलो असतो तर मातीत गेलो असतो. थोरला माझ्यासमोर येऊन थांबला. गाणे जितके लांब, तितका रेकॉर्डवरचा त्याचा पट्टा रुंद असतो. अगदी आतला रुंद पट्टा पाहताच त्याचा चेहरा बदलला.

"ही आपली आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," धाकटा हळूच म्हणाला. "काय फरक पडतो, दादा? टांगायला आहे, वाजवायला थोडीच आहे."

त्याला माहीत होते! इतकी वर्षे!

थोरल्याने मला खिळ्यावरून काढले, चौकट उघडली आणि प्लेअरवर ठेवले. सुई मुलाम्यावर करकरली आणि शेवटचे गाणे सुरू झाले. किती वर्षांनी मला कंठ फुटला! पाहुण्यांच्या गप्पा थांबल्या. ड्रम संपले तेव्हा दिवाणखाना टाळ्यांनी दणाणला. पण सगळे वळले ते धाकट्याकडे. नवा अल्बम का, म्हणून कोणी विचारले, तर कोणी त्याची पाठ थोपटली. त्याने एक शब्द बोलायचा होता. दादाकडे नुसते बोट दाखवले असते, तरी मला पुरले असते.

धाकट्याने छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली.

थोरल्याने सुई उचलली. "टाळ्यासुद्धा घेतल्यास," एवढेच म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मला पुन्हा टांगले आहे. मित्रांनो, माझी काच पुसू नका, माझा मुलामा जपू नका. मला या सोन्याची चीड आहे. जपायचेच असेल तर वाजवणाऱ्याचे नाव जपा. आणि टाळ्या घ्यायला कोणी तुमच्यासमोर मान झुकवली, तर एकदा जिन्याकडेही बघा.