मुठ्याचा नवा नियम

आपलं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे ताईला नकोसं व्हायचं. "खेळाचे नियम लिहिते," असं ती म्हणायची. समोरचा विचारायचा, "म्हणजे फुटबॉलचे का?" ती "तसंच काहीतरी" म्हणून विषय मिटवायची.

तिचा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा होता. चार-पाच माणसं जमायची. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र घ्यायचं, आणि पुढे काय होणार असा प्रश्न आला की फासे टाकायचे. फाशांचा अर्थ काय, ते नियमांच्या जाडजूड पुस्तकात बघायचं. ते पुस्तक ताईच्या हातचं. त्यात जादूगार होता, तिरंदाज होता, चोर होता, आणि मुष्टियोद्धा होता. हत्यार न घेता नुसत्या हातापायांनी लढणारा. खेळणारी मंडळी त्याला लाडाने मुठ्या म्हणत.

मुठ्या तिने धाकट्या भावावरून बेतला होता. भाऊ उमेदीच्या वयात लाथाबुक्क्यांच्या लढतींसाठी रिंगणात उतरायचा. तिथे त्याचं नाव 'भिंत' होतं. तो काही सगळ्यांत चपळ नव्हता, सगळ्यांत ताकदवानही नव्हता, पण पडला तरी उठायचा. पंच आकडे मोजत असायचा, लोक चपला घालून निघायच्या तयारीत असायचे, आणि हा गडी गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उभा. शेवटच्या मोठ्या लढतीत त्याचे उस्ताद आजारी होते, म्हणून पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन कोपऱ्यात ताई उभी होती. ती चोवीस वर्षांची, तो एकोणीस. तिसऱ्या फेरीत त्याच्या कानशिलावर अशी लाथ बसली की तो उभाच्या उभा आडवा झाला. पंच सहापर्यंत पोचला तेव्हा ताई दोर धरून ओरडली, "ऊठ! अरे ऊठ ना!" तो उठला. जिंकलाही.

पुढच्याच वर्षी तिने नियम लिहिला. त्याचं नाव 'पुन्हा उभा'. मुष्टियोद्ध्याची ताकद शून्यावर आली तरी तो मरत नाही. अर्धी ताकद घेऊन पुन्हा उभा राहतो. कितीही वेळा. अख्ख्या पुस्तकात लोकांना एवढा आवडलेला नियम दुसरा नव्हता.

त्याला आता वीसेक वर्षं झाली होती. भाऊ पार्सलच्या गोदामात कामाला होता. आधी तो खोकी चुकीच्या कप्प्यात ठेवायला लागला. मग ते दाखवून देणाऱ्यावर खेकसायला लागला. मग एक दिवस स्वतःच्या घराच्या जिन्यात उभा राहून, कितवा मजला ते आठवेना म्हणून रडला. भावजयीने ताईला फोन केला आणि दोघी मिळून त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी मेंदूच्या तपासणीची फिल्म उजेडावर धरली.

"एका फटक्याचं काम नाही हे," ते म्हणाले. "शेकडो आहेत. प्रत्येक वेळी आत थोडंथोडं तुटत गेलंय. ते भरून येत नाही."

"पण लढणं सोडून वीस वर्षं झाली," भावजय म्हणाली.

"त्याने सोडलं. या दुखण्याने नाही सोडलं," डॉक्टर म्हणाले आणि फिल्म पाकिटात घातली.

त्याच सुमारास ऑफिसात पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं काम निघालं. एकेक पात्र घेऊन दुरुस्त्या चालल्या होत्या. मुठ्याची पाळी आली तेव्हा ताईने जुना नियम खोडला आणि तिथे दुसरा लिहिला: मुष्टियोद्धा पुन्हा उभा राहू शकतो, पण दर वेळी खेळणाऱ्याने आपल्या पात्राच्या कागदावरची एक ओळ कायमची खोडायची. एखादं कसब, एखादं नाव, एखादी आठवण. खोडायची नसेल तर पडून राहावं. सोबती उचलून नेतील.

पुस्तक काढणाऱ्या कंपनीच्या मालकांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, हे काय? लोक मुठ्या घेतात कशासाठी? तो उठतो म्हणून."

"फुकट कोणी उठत नाही. हे खोटं आहे."

"खोटं? अहो, आपल्या पुस्तकात डोंगर चालतात. पान एकशे बारावर मासा लग्न लावतो. तेव्हा नाही तुम्हाला खरं-खोटं सुचलं!"

ताई हसली नाही. मालक तिला पुष्कळ वर्षं ओळखत होते. भावाचंही त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. "एकदा खेळून बघा," म्हणाले. "मग ठरवू."

नवे नियम तपासायला दर शनिवारी दुपारी ऑफिसच्या मागच्या खोलीत एक मंडळी बसत असे. सूत्रधार होते निवृत्त मास्तर, आवाज अजून वर्गातलाच. एक नर्स होती, ती कायम तिरंदाज घ्यायची. आणि भाऊ. तो अर्थातच मुठ्या. त्याच्या पात्राचा कागद बारा वर्षं जुना होता, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. मुठ्याच्या गुरूचं नाव, त्याने पुरातून काढलेली कुत्री, त्याला येणारी शिट्टी, त्याच्या मेलेल्या मित्राला दिलेला शब्द. बारीक अक्षरात एकाखाली एक तिसेक ओळी. गोदामात चुकणारा भाऊ इथे चुकत नव्हता. कुठल्या शनिवारी काय झालं ते मास्तरांनाही तो सांगायचा.

ताईने नवा नियम त्याला आधी सांगायला हवा होता. रोज सांगेन म्हणत राहिली आणि शनिवार उजाडला.

गोष्ट एका जुन्या खाणीत शिरली होती. छत कोसळत होतं, मागून दगडी राक्षस येत होते, आणि बाहेरचं गाव वाचवायला अरुंद तोंडाशी भावाचा मुठ्या एकटा उभा. पहिल्याच फेरीत त्याची ताकद शून्यावर आली.

"पुन्हा उभा," भाऊ सवयीने म्हणाला.

मास्तरांनी खाकरून नवा कागद वाचून दाखवला. भावाने ऐकलं, भुवया उडवल्या. "अरे वा, मुठ्याला म्हातारपण आलं वाटतं," म्हणाला आणि शिट्टीची ओळ खोडली. नर्स हसली. पुढच्या फेरीत त्याने पोहण्याचं कसब खोडलं. मग कुत्री. कुत्रीवर पेन जरा थांबलं.

चौथ्यांदा शून्य आलं तेव्हा त्याने विचारलं, "नाही खोडलं तर?"

"पडून राहायचं," मास्तर म्हणाले. "ही तुला ओढून बाहेर नेईल. मागचं गाव मात्र जाईल."

"पडून राहा ना," नर्स हळूच म्हणाली. "मी नेते तुला."

भावाने ताईकडे पाहिलं. ती भिंतीशी वही घेऊन बसली होती.

"हा नियम कोणी लिहिला?"

"मी."

"माझ्यावरून?"

ताईने मान डोलावली.

"तेव्हा कुठे होता गं हा नियम?" तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी खाली पडलो होतो तेव्हा?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "आज इथेच थांबू या."

"नाही. टाका फासे."

त्यांनी टाकले. भावाने गुरूचं नाव खोडलं. पुन्हा टाकले. मित्राला दिलेला शब्द खोडला. आता तो वाचतसुद्धा नव्हता. वरून खाली पेन ओढत होता. नर्सने त्याच्या मनगटाला हात लावला, तो त्याने बाजूला केला. खोलीत फाशांचा आणि पेनचा तेवढा आवाज. अखेर राक्षस संपले, गाव वाचलं, आणि कागदावर खाडाखोडीखेरीज काही उरलं नाही. मुठ्याचं नाव होतं ती वरची ओळसुद्धा गेली होती.

"उभा आहे," भाऊ म्हणाला. "लिहून घ्या."

पेन टेबलावर ठेवून तो निघून गेला. कागद तिथेच राहिला. जिना उतरताना तो एकदा थांबल्याचं ऐकू आलं; मग पावलं पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी ताई त्याच्या घरी गेली. भावजयीने दार उघडलं आणि नुसती मान हलवून आत खूण केली. तो स्वयंपाकघरात बसून शर्टाला बटण लावत होता. सुईत दोरा भावजयीने ओवून दिलेला होता.

"तुला आधी सांगायला हवं होतं," ताई म्हणाली.

"हं."

"मला वाटलं, निदान पुस्तकात तरी खरं असावं. कोणीतरी ते वाचून एखाद्या पोराला पडून राहू देईल."

"ते वाचून कोणी पडून राहत नसतं, ताई. खेळ खेळतात लोक." त्याने टाका घट्ट ओढला. "बाहेर मला पायऱ्या मोजून चढाव्या लागतात. त्या टेबलावर मी फुकट उठत होतो. एवढंच होतं माझं. तेही तू दुरुस्त केलंस."

ताईच्या मनात वीस-बावीस वर्षं अडकलेलं शेवटी ओठांवर आलं. "त्या दिवशी मी ओरडले. ते तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मी नसते ओरडले तर?"

त्याने दोरा दातांनी तोडला. "तरी उठलो असतो, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. आता विचारशील तर खात्रीने नाही सांगता येत. मला त्या दिवसाचं फारसं काही राहिलेलं नाही. तुझा आवाज तेवढा आहे."

सोमवारी ताई ऑफिसात गेली ती नियम मागे घ्यायचा ठरवूनच. मालक तिचीच वाट बघत होते. त्यांच्यासमोर भावाचा तो काळा झालेला कागद होता. मास्तरांनी आपल्या अहवालासोबत जोडून दिला होता. "असा खेळ मी जन्मात चालवला नाही. हा नियम पुन्हा कोणावर वापरू नये," असं त्यांनी लिहिलं होतं. मालकांनी पहिलं वाक्य तेवढं मनावर घेतलं होतं.

"तुमचंच बरोबर होतं, ताई," ते उठूनच उभे राहिले. "माझ्या अंगावर काटा आला! हाच नियम छापायला जाऊ दे."

"नको. मला तो काढायचाय."

"आता? अहो, तुम्हीच भांडलात ना त्यासाठी?"

"भांडले. चुकले. जुना असू द्या."

"ताई, घरचं दुःख मी समजू शकतो. पण पुस्तक काही तुमच्या घरचं नाही." ते हे रागाने म्हणाले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "आणि नियम चांगला आहे. तुम्हालाही माहीत आहे, चांगला आहे."

तिला माहीत होतं.

पुस्तक निघालं आणि हातोहात गेलं. पहिले काही आठवडे लोकांनी शिव्या घातल्या, मुठ्याचा घात केला म्हणून. मग सूर फिरला. ठिकठिकाणचे खेळणारे आपापले खोडलेले कागद फोटो काढून पाठवायला लागले. कोणी लिहायचं, आमच्या टेबलावर चार माणसं रडली. कोणी लिहायचं, याहून सुंदर मरण आम्ही पाहिलं नाही. ऑफिसातल्या पोरींनी त्यांतले निवडक फोटो जिन्याच्या भिंतीला लावले. ताई मागच्या दाराने यायला लागली. पुस्तकावरचं आपलं नाव काढा, असं तिने मालकांना सांगितलं. पुढच्या छपाईत त्यांनी ते काढलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारची बैठक मोडली. मास्तर दोनदा भावाच्या घरी जाऊन आले; चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परतले. नर्सने त्याच्यासाठी औषधांचा वारांप्रमाणे कप्पे असलेला डबा पाठवला. गोदामातून त्याला आधी फाटकावर बसवलं, मग घरी.

पावणेदोन वर्षांनी भावजयीने ताईला फोन केला. मधल्या काळात दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं.

"माझी मंगळवारची पाळी बदललीय," ती म्हणाली. "त्यांना एकटं ठेवता येत नाही आता. गॅस चालू राहतो. तुम्ही याल?"

"येते."

"एक सांगू का? तुम्ही तेव्हा तो नियम बदलताना मला विचारलं असतंत ना, तर मी नको म्हटलं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "जाऊ दे. डबा करून ठेवीन. नऊला या."

तेव्हापासून ताई मंगळवारी ऑफिसला जात नाही. नऊच्या आधी पोचते. भावजय चपला घालता घालता काय खाल्लं, काय दिलं नाही ते सांगते आणि बस गाठायला पळते. भाऊ खिडकीजवळच्या खुर्चीत असतो. काही मंगळवारी तो "आलीस का ताई" म्हणतो. अलीकडे असे मंगळवार कमी झालेत.

मागच्या खेपेला तिने त्याच्या हातात कप दिला, तेव्हा त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने विचारलं, "तुम्ही कुठे असता कामाला?"

"पुस्तकांच्या ऑफिसात," ताई म्हणाली.

"बरं असतं ते. बसून काम. मार नाही लागत."

"हो."

त्याने चहा फुंकून एक घोट घेतला. चहा जास्त गरम होता. ताईने कप परत घेतला, बशीत ओतला आणि बशी त्याच्या दोन्ही हातांत नीट धरवली.