चालेल, तुम्ही ठरवा

धाकटीच्या बाबांना गप्प बसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. त्यांच्या सलूनमध्ये माणसं केस वाढले म्हणून यायची आणि अख्ख्या गल्लीच्या बातम्या घेऊन जायची. कात्रीच्या जोडीला तोंड चालू पाहिजे, असा बाबांचा खाक्याच होता. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांना स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता बरे होऊन ते घरी बसले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती.

धाकटी तेव्हा कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला, घरापासून लांब हॉस्टेलवर होती. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावा लागतो. तिच्या वर्गातले निम्मे जण पार्किंगची जागा शोधून देणारं काहीतरी बनवत होते आणि उरलेले निम्मे त्यांचं ढापत होते. धाकटीने ठरवलं, आपण बाबांसाठी आवाज बनवायचा. फोनवर एक-दोन अक्षरं टाइप केली की पुढची वाक्यं समोर यायची, हवं त्यावर बोट ठेवलं की फोन ते मोठ्याने बोलायचा.

असा प्रोग्रॅम शिकवायचा तर त्याला आधी भरपूर वाक्यं घालावी लागतात. बाबांची वाक्यं आणायची कुठून? माणसाने जन्मभर नुसतं बोलून दाखवलेलं, लिहिलेलं काही नाही. मग चाचणीपुरतं म्हणून धाकटीने स्वतः घरी पाठवलेले मेसेज त्यात ओतले. नंतर बदलू, असं तिने ठरवलं. नंतर बदलू म्हणून ठेवलेलं कधीच बदललं जात नाही हे प्रत्येक प्रोग्रॅमरला ठाऊक असतं, आणि प्रत्येक जण आपण त्याला अपवाद आहोत असं धरून चालतो. धाकटीही चालली.

दुसरी गोष्ट तिने फार विचार करून केली होती. बाबांची बोटं जाड, नजर अधू, एक शब्द लिहायला त्यांना युगं लागायची. प्रोजेक्टच्या सरांचं तर एक पालुपदच होतं: वापरणाऱ्याला ताटकळत ठेवू नका. तेव्हा तिने सोय केली की थोडा वेळ बोट हललं नाही, तर सगळ्यात वरचं वाक्य फोनने आपोआप बोलून टाकायचं. सर बेहद्द खूश झाले. धाकटीलाही ते पटलेलं होतं. प्रोग्रॅममध्ये रिकामी जागा फार वाईट. माहिती आलीच नाही तर काय धरून चालायचं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर सगळा डोलारा कोसळतो. पहिल्या वर्षापासून हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की कँटीनच्या रांगेतसुद्धा तिला वाटायचं, पुढचा मुलगा नुसता उभाच राहिला तर काउंटरवाला त्याला काय देईल? बहुतेक शिव्या देईल, असं मैत्रिणींचं मत पडलं.

घरी फोन केला की आता बाबा बोलायचे. "मी मजेत आहे. जेवण झालं. काळजी नको." आवाज सपाट, स्टेशनवरच्या घोषणेसारखा, पण बाबांचा. निदान धाकटीला तो बाबांचा वाटायचा. ती स्पीकर लावून मैत्रिणींना ऐकवायची आणि फोनवर स्वतःच हसत सुटायची.

प्रोजेक्ट सादर करायचा दिवस जवळ आला तशी ती व्हिडिओ काढायला घरी आली. सलूनला त्या दिवशी सुट्टी होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी तुळतुळीत करून खिडकीपाशी बसले. "आई, तू मध्ये येऊ नकोस," असं बजावूनही आई दर खेपेला काहीतरी उचलायला मध्ये आलीच. शेवटी सगळं जमून आलं, धाकटीने कॅमेरा चालू केला, आणि काका दारातून आत आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. सलूनमधली दुसरी खुर्ची त्यांची.

"दादा, तो नवा कारागीर उद्यापासून येतोय हं," काका चपला काढता काढता म्हणाले. "तुझ्या खुर्चीपुढचा आरसा लख्ख करून ठेवलाय."

"कसला कारागीर?" धाकटीने कॅमेऱ्यामागून विचारलं.

"अगं, दादाच्या खुर्चीवर नको का कुणी? दादाने हो म्हटल्यावरच ठरवलं मी. आपल्या मनाने थोडंच करणार आहे?"

बाबांनी फोन हातात घेतला. एक अक्षर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. मग त्यांचं बोट तसंच हवेत थांबलं. ते काहीतरी विचार करत होते, कपाळावर आठी पडली होती. तेवढ्यात फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "पेपर बरा गेला."

काकांनी मांडीवर थाप मारली. "वा! या वयात पास झालास म्हणायचा!"

आईलाही हसू आवरेना. "अगं, करतो हा फोन असं अधूनमधून. परवा शेजारच्या वहिनींना म्हणाला, सबमिशन आहे, नंतर बोलू. त्या बिचाऱ्या आल्या पावली परत गेल्या."

बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मुलीचं शूटिंग चालू आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी हसून अंगठा वर केला.

धाकटीने कॅमेरा बंद केला. बोट तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, ते कुठेही टेकलं नव्हतं. "काका," ती म्हणाली, "बाबा हो म्हणाले तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? मी म्हटलं, दादा, तुझी खुर्ची रिकामी राहते, गिऱ्हाईक ताटकळून परत जातं, दुसरा माणूस बसवू का? दादा फोनकडे बघत बसला जरा वेळ. मग म्हणाला, 'चालेल, तुम्ही ठरवा.'"

धाकटीने ते लगेच ओळखलं. ते वाक्य तिचं होतं. आई हॉस्टेलवर मेसेज करायची, पडदे कोणत्या रंगाचे घेऊ, ताईकडे या महिन्यात जाऊ की पुढच्या, आणि धाकटी धड न वाचताच उत्तर ठोकून द्यायची. चालेल, तुम्ही ठरवा. इतक्यांदा ठोकलं होतं की प्रोग्रॅमने ते सगळ्यात वर नेऊन बसवलं होतं. बाबा विचार करत होते तेवढ्यात तिच्या सोयीने तिचं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं, आणि त्यांची खुर्ची गेली.

व्हिडिओतला तेवढा भाग कापला असता तर सर खूश झाले असते. हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिला स्वतःचीच किळस आली. तिने लॅपटॉप उघडला, बाबांचा फोन त्याला जोडला, आपले सगळे मेसेज उडवले, आणि ती आपोआप बोलण्याची सोयही काढून टाकली. काढायला काहीच वेळ लागला नाही.

फोन तिने परत बाबांच्या हातात दिला. "काका, आता पुन्हा विचारा."

"काय विचारू?"

"खुर्चीचं."

काकांनी आईकडे पाहिलं, आईने धाकटीकडे. "दादा," काका चाचरत म्हणाले, "तुझ्या खुर्चीवर तो माणूस बसवू ना?"

फोन गप्प राहिला. बाबांनी चष्मा नाकावर सरकवला आणि एक अक्षर शोधलं. मग दुसरं. बाहेर कुणीतरी स्कूटरला किकवर किक मारत होतं आणि ती काही चालू होत नव्हती.

"दादा, तुला असं म्हणायचंय का की..."

"काका, थांबा ना."

"अहो, त्रास होत असेल तर राहू दे..."

"आई, तूसुद्धा!"

खरं तर सगळ्यात जास्त घाई धाकटीलाच झाली होती. पडद्यावर अर्धा शब्द दिसला की तिच्या डोक्यात उरलेला आपसूक पूर्ण व्हायचा, तोही कधी एका तऱ्हेने, कधी दुसऱ्या. तिने हात मांडीखाली दाबून धरले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढी लांब शांतता तिने या घरात कधी ऐकली नव्हती. पूर्वी ती बाबांनी होऊच दिली नव्हती, आणि नंतर तिने.

शेवटी फोन बोलला. "बोलता येत नाही. केस कापता येतात. खुर्ची माझी आहे."

काका कानाची पाळी चोळत राहिले. "मग तेव्हाच नाही का म्हणायचं, दादा? मी शब्द देऊन बसलो ना त्याला." असं म्हणत, खिशातला फोन चाचपत ते बाहेर गेले. बाहेरून त्यांचा ओशाळलेला आवाज ऐकू येत राहिला.

"रोज सकाळी कात्र्यांना तेल लावत बसतात," आई हळूच म्हणाली. "मला वाटलं, हाताची सवय." तिने पदराने डोळे पुसले आणि उगाचच आत निघून गेली.

धाकटी बाबांच्या पायाशी बसली. "मला का नाही सांगितलंत, बाबा? हा फोन मनानेच बोलतो म्हणून? एकदा तरी सांगायचंत."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो काढून फोनकडे नेला. धाकटी खाली मान घालून वाट पाहत राहिली.

"तू सगळ्यांना ऐकवायचीस," फोन म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "हसायचीस. तुझं मन मोडवेना."

धाकटीचे डोळे भरून आले. चुकलं माझं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण बाबांचं बोट अजून अक्षरं शोधत होतं. तिने तोंड मिटलं.