दोराला दोन झटके

ह्यांचं प्रत्येक पाऊल दोनदा ऐकू येतं. आधी टाच हलकेच टेकते, खाली भक्कम आहे की पोकळ याची चाचपणी करते आणि मगच तिच्यावर सगळा देह उतरतो. झाशीतल्या लक्ष्मी गेटच्या आतल्या आमच्या घरात कुठला आलाय बर्फ! इथे नौतप्याचं, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांचं ऊन, भिंतींतून झिरपणारी धग आणि कुलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास. पण अर्धं आयुष्य हिमाच्या पातळ कवचावरून चाललेल्या माणसाला साध्या फरशीवर विश्वास ठेवायला शिकवणार कोण? शूराशी संसार केला की भित्र्यालाही धीर येतो म्हणतात. सगळ्या थापा. मी लग्नाआधी जेवढी भित्री होते, त्याहून आज कांकणभर जास्तच आहे.

माझे वडील रेल्वेत, म्हणून आम्ही झाशीचे. हे छावणीत नेमणुकीवर आले आणि एवढ्या हिंदी मुलखात मराठी बोलणारी मुलगी दिसली म्हणून इथेच अडकले. अडकले म्हणायचं आपलं. लग्न माझ्याशी आणि नांदणं हिमालयात! रजेवर यायचे तेव्हा चेहरा करपलेला, ओठ भेगाळलेले, आणि एका हिवाळ्यानंतर डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेलेली. त्या उरलेल्या बोटांनी ते अजूनही अशी गाठ मारतात की मला ती दातांनीही सुटत नाही.

पदक मिळालं ते त्याच हिवाळ्यात. हिमवादळात चौकीवरून दोन जवानांना ह्यांनी सुखरूप खाली आणलं आणि तिसऱ्यासाठी एकटेच पुन्हा वर गेले. त्या पांढऱ्या काळोखात मागचा माणूस दिसत नाही, वाऱ्यात हाक पोचत नाही. म्हणून पुढच्याने दोराला दोन झटके द्यायचे आणि मागच्याने दोन झटक्यांनी उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत. म्हणजे मी आहे, चालतो आहे. तिसऱ्याचं उत्तर अर्ध्या वाटेत थांबलं. तरी हे त्याला पायथ्यापर्यंत ओढत, मध्येमध्ये दोन झटके देत आले. त्या दोघांबद्दल लोक अजून बोलतात. तिसऱ्याबद्दल हे माझ्याशी एकदाच बोलले, तेही भिंतीकडे तोंड करून.

गेल्या थंडीपासून ह्यांचं मन मधूनच वर निघून जातं. बोलता बोलता नजर थिजते, आणि समोरची मी त्यांना दिसेनाशी होते. मी चिडते, हाका मारते, मग मुकाट्याने हात धरून बसते. शत्रू असता तर हे लढले असते हो. विस्मृतीशी लढायचं कसं, हे कुठल्या पलटणीत शिकवतात?

परवा भर दुपारी वीज गेली. कुलर थांबला आणि घर एकदम मुकं झालं. मी स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या कुस्करत होते. ते दुहेरी पाऊल बराच वेळ ऐकू आलं नाही, हे ध्यानात यायच्या आतच शेजारीण ओरडली, "चाचीजी, चाचाजी छत पे ठाड़े हैं, कोट पहन के!"

कैऱ्या तशाच टाकल्या. कशीबशी जिना चढले. घर गार राहावं म्हणून उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुना फासायची इकडची पद्धत. यंदा मीच मागे लागून जाड थर दिला होता. त्या आंधळं करणाऱ्या पांढऱ्या झळाळीच्या मधोमध हे उभे होते, अंगात फौजेचा जाड कोट, कपडे वाळत घालायचा दोर कमरेला बांधलेला. लूचा तापलेला वारा अंगाला चटके देत होता आणि हे कुडकुडत होते. चेहरा लाल आणि कोरडाठाक, घामाचा टिपूस नाही. "अहो, खाली चला," मी रडकुंडीला येऊन म्हटलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "एक आदमी ऊपर है," एवढंच म्हणाले.

ओढून नेण्याएवढी ताकद माझ्यात नव्हती. आणखी थोडा वेळ गेला असता तर ह्या उन्हाने त्यांचा घास घेतला असता. दोराचं मोकळं टोक चुन्यावर लोळत होतं. का कोण जाणे, मी ते उचललं आणि दोन झटके दिले. काही नाही. देवा रे, म्हटलं, आणि पुन्हा दिले.

दोर ताठ झाला. दोन झटके आले.

मग हे वळले आणि जिन्याकडे निघाले. प्रत्येक पायरी टाचेने चाचपत, मध्येमध्ये दोराला झटके देत, आणि मागे मी, डोळ्यांतलं पाणी न पुसता उत्तर देत. खाली पोचल्यावर मी त्यांचा कोट उतरवला, डोक्यावर पाणी ओतलं. माझ्याकडे पाहत ते मराठीत म्हणाले, "आला गं. जिवंत आला."

आता दुपारी हे खाटेवर पडले की दोराचं एक टोक त्यांच्या मनगटाला असतं, दुसरं माझ्या. भाजी निवडता निवडता मी दोन झटके देते. उत्तर कधी लगेच येतं, कधी इतक्या उशिरा की मी भाजी टाकून खाटेशी जाते. एखाद्या दुपारी ते येणारच नाही, हे मला कळतं. तो तिसरा माणूस इतकी वर्षं ह्यांच्या दोराला बांधलेला राहिला. उद्या हे माझ्या दोराला असतील, आणि उरलेला उतार एकटीने उतरताना मीही मध्येमध्ये दोन झटके देत राहीन.