पिवळी पट्टी

आमच्या कक्षाच्या दारावर पाटी नाही. पाणी कंपनीबद्दल लोक ऑनलाइन काय बोलतात, ते आम्ही इथं दिवसभर वाचतो. आम्ही म्हणजे आधी गाळणी वाचते. आमच्या प्रोग्रामला आम्ही ठेवलेलं हे नाव. ढिगानं येणाऱ्या वाक्यांतून ती एकाच घाटाची वाक्यं वेगळी काढते आणि ती कुठून निघाली, किती वेगानं पसरताहेत ते दाखवते. मग सर ठरवतात, उत्तर द्यायचं की गप्प बसायचं. बहुतेकदा गप्पच. लहान अफवेला उत्तर दिलं, की ज्यांनी ती ऐकलीच नव्हती त्यांनाही ती कळते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या बशीवर काही उगवलं नाही, तर लगेच आनंद करायचा नसतो. कदाचित बशीच खराब असते. म्हणून शेजारच्या बशीत ओळखीचा जिवाणू मुद्दाम सोडतात. तो उगवला, तरच पहिल्या बशीवर विश्वास ठेवायचा. गाळणी बरेच दिवस काहीच पकडत नव्हती, तेव्हा मी सरांना हेच सुचवलं. आपणच एक अफवा लिहू, बंद गटात सोडू, आणि बघू ती पकडते का.

"बशीला झाकण असतं," सर म्हणाले. "याला काय?"

"गटात सगळे आपलेच आहेत, सर."

अफवा मीच लिहिली. मीटर बघायला येणारी बाई टाकीत गोळी टाकून जाते, तिच्या टॉर्चला पिवळी पट्टी असते, ती गेली की त्या इमारतीतली मुलं आजारी पडतात. गोळी, टाकी, मुलं हे कुणालाही सुचलं असतं. वाक्यात जीव आला तो पट्टीमुळे, आणि ती मला शोधावीही लागली नाही. माझी वहिनी याच कंपनीत मीटर रीडर आहे. तिच्या टॉर्चचं मागचं झाकण ढिलं झालंय, ते तिनं पिवळ्या चिकटपट्टीनं बांधलंय. टॉर्च आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो. गट बंद होता, त्यामुळे मी पुढचा विचार केला नाही.

गाळणीनं लाल खूण दाखवली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या एकाला समोर दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय आहे, म्हणून त्याचं नाव रेडिओ. तो उत्साहानं वाचायला लागला, "सावधान! माझ्या नणंदेच्या इमारतीत काल अशीच एक बाई..."

"थांब," मी म्हटलं. "हे मी लिहिलेलं नाही."

"असं कसं? पट्टी आहे की यात."

"पट्टी माझी आहे. नणंद माझी नाही."

रेडिओचा आवाज मी पहिल्यांदाच खाली गेलेला ऐकला. गट खरा वाटावा म्हणून त्यानं स्वतःचं एक जुनं खातं त्यात घातलं होतं, आणि ते खातं त्याच्या आत्याच्या टॅबवर अजून उघडं होतं; अफवा तिथून बाहेर पडली होती. "आत्या वाईट नाहीये हो," तो म्हणाला. "काळजीनं पाठवते. तिला सगळ्या गावाची काळजी."

मी सरांना म्हटलं, "सरळ सांगून टाकू. आमचीच चाचणी होती म्हणून."

"आणि पुढच्या महिन्यात कुठं पाइप फुटला, आपण म्हटलं पाणी उकळून प्या, तर लोक म्हणतील हीसुद्धा चाचणीच. तेव्हा जो आजारी पडेल त्याला तू काय सांगशील?"

"निदान मीटर रीडर तरी थांबवा."

"आज अचानक थांबवले, तर पकडले गेले म्हणून थांबले, असं होईल."

सर उगाच बोलत नव्हते, हीच अडचण होती. मी एकेक दार उघडून बघत होते आणि प्रत्येक दार परत त्याच खोलीत उघडत होतं. कंपनीनं निवेदन काढलं. पाणी सुरक्षित आहे, कोणताही गैरप्रकार झालेला नाही, कर्मचाऱ्यांना सहकार्य करावं. पट्टीचा उल्लेख नव्हता, कारण अफवेचे शब्द उत्तरात पुन्हा उच्चारायचे नाहीत हा आमचाच नियम. कक्षातलं घरी बोलायचं नाही, यावर मी सही केलेली होती.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन टॉर्चची पट्टी सोलून काढली. सकाळी बघते तर वहिनी टेबलाशी वाकून नवी पट्टी गुंडाळत होती. आधीपेक्षा जास्त पिवळी.

"कुणी काढली गं? सेल घरंगळत सोफ्याखाली गेले."

"दुसरा टॉर्च घे ना."

"तू दे घेऊन, साहेबीणबाई."

"वहिनी, आज सुट्टी घे."

"का?"

"असंच."

"असंच तुमच्याकडे मिळते सुट्टी. आमच्याकडे ताप दाखवावा लागतो." तिनं टॉर्च लावून बघितला, माझ्या डोळ्यांवर उजेड मारला आणि हसत निघून गेली.

एक वाक्य पुरलं असतं. पण सही आठवली, नोकरी आठवली. आणि ते वाक्य ऐकताना तिचा चेहरा कसा होईल, तेही दिसलं.

दुपारी रेडिओ वाचता वाचता गप्प झाला. मी त्याच्या पडद्याकडे बघितलं. कुणाच्या तरी मुठीत धरलेला टॉर्च, पिवळी पट्टी, खाली इमारतीचं नाव आणि लिहिलेलं, 'सापडली. मीटरच्या खोलीत कोंडली आहे.' सरांनी पोलिसांना फोन लावला. मी लॉकरमधून माझा फोन काढला आणि धावत सुटले.

जिन्याखाली लोखंडी दार होतं. कडीला कुणीतरी सायकलचं कुलूप लावलं होतं. दारासमोर लोक, आणि त्यांच्यात टॉर्च हातात घेऊन इमारतीचा सेक्रेटरी.

"तिला सोडा," मी म्हटलं. "ते वाक्य मी लिहिलंय. कंपनीत, चाचणीसाठी. ती माझी वहिनी आहे. टॉर्च घरात दिसला म्हणून वाक्यात पट्टी घातली. दुसरं काही नाही."

खरं एकदा बोललं की पुढचं ते आपोआप करतं, अशी माझी समजूत होती.

"तुम्ही लिहिलंत," सेक्रेटरी सावकाश म्हणाला. "आणि काल कंपनी म्हणते, असं काही झालेलंच नाही. मग खरं कालचं की आजचं?"

"आजचं."

"आणि उद्याचं?" मागून कुणीतरी विचारलं. लोक हसले.

कडेवर मुलगी घेतलेली एक बाई पुढे आली. मुलगी मलूल होती, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. "तू लिहिलंस ना? मग ही सकाळपासून उलट्या का करतेय, ते सांग."

शहरात कोणत्याही दिवशी, कोणत्याही इमारतीत, एखादं मूल आजारी असतंच. म्हणून तर मी मुलं निवडली होती. ते वाक्य कधीच खोटं पडणार नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्या बाईनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून पाहिलं. "कंपनीचीच आहे. पोलीस येईपर्यंत हिलाही आत ठेवा."

माझा फोन सेक्रेटरीनं काढून घेतला. दार मागे लागलं.

आत भिंतीवर मीटर ओळीनं लावलेले होते आणि पाइपांतून पाणी घरघरत होतं. वहिनी एका पालथ्या बादलीवर बसली होती. तिची ओढणी खांद्यापाशी फाटली होती.

"या, वन्सं," ती म्हणाली. "जागा लहान आहे, घेऊ सांभाळून."

मी उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं.

"पिवळी पट्टीच का?"

"समोर दिसली."

"समोर तुझा भाऊपण बसलेला असतो. त्याचं काहीतरी घालायचं." पण ती हसली नाही. "सकाळी सुट्टी घे म्हणालीस, तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

तिनं तोंड फिरवलं.

बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि एक बाई मोठ्यानं वाचू लागली, "कंपनीच्या मुलीनं कबूल केलं. कोणत्या इमारतीतली मुलं आजारी पडणार, ते या आधीच लिहून ठेवतात. दोघी एकाच घरातल्या आहेत."

माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हे, की 'एकाच घरातल्या' हा तपशील चांगला आहे. टिकेल. मग कळलं, मी काय विचार करतेय. एव्हाना गाळणीनं ते वाक्य बाजूला काढलं असेल, रेडिओ ते वाचत असेल, आणि गप्प बसायचं की नाही ते सर ठरवत असतील.

वहिनी उठली. भिंतीपाशी जाऊन तिनं एका मीटरची काच ओढणीच्या टोकानं पुसली आणि डोळे बारीक करून आत पाहू लागली. टॉर्च बाहेर राहिला होता. दाराच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ तेवढी होती.

"वहिनी, आता कशाला?"

"उद्या पुन्हा या इमारतीत मला कोण घेणारे?" तिनं मागे न बघता हात हलवला. "सरक. उजेड अडवतेयस."

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ती आकडे वाचू लागली.