एर्मिनच्या सेगाचं शेवटचं कडवं

इंग्रजांकडची बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि शिष्टाचार विभागातल्या जोसेलिनच्या मागे लग्नघराची धांदल लागली होती. कुणाचा झेंडा उजवीकडे, कोण कुणाशेजारी बसणार नाही, यावर दोन्ही देशांची शहाणीसुरती माणसं तास तास घालवत होती. तेही निस्तरलं असतं. पण घोडं अडलं जोसेलिनच्या आईच्या गाण्यावर.

आई एर्मिन ही दिएगो गार्सिया बेटावर जन्मलेली. लष्करी तळासाठी बेट रिकामं केलं तेव्हा इंग्रजांनी तिला बोटीत घालून मॉरिशसला आणून टाकलं. तेव्हापासून ती आपला सेगा, म्हणजे बेटावरचं गाणं, गाते. तिच्या लोकांत सेगा ज्याचा त्याने रचायचा, स्वतःवर गुदरलेलं गायचं. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. आणि जोसेलिनच्या साहेबांना नेमका हातच लावायचा होता. म्हातारीने समारंभात गावं, पण शेवटचं कडवं गाळावं. त्यात ती म्हणते, मी माझ्या अंगणात परत जाऊन निजेन. करारात तर इतर बेटांवर राहायला मोकळीक होती, दिएगो गार्सियावर नव्हती. तिथला तळ तसाच राहणार होता.

जोसेलिनने हे आईला सांगितलंच नव्हतं. रोज संध्याकाळी घरी यायची आणि भलतंच काहीतरी बोलत बसायची. हक्काची माणसंच अशी भित्री निघतात.

आज ती आली तेव्हा एर्मिन ऑक्टोपसच्या कालवणासाठी नारळ खवत बसली होती.

"आई, ते शेवटचं कडवं..."

"लांब होतंय का गं?"

"तसं नाही." जोसेलिन खाली बसली. "आई, तुझं बेट नाही मिळत. बाकीची मिळतात. तुझं नाही."

एर्मिनचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"रेडिओ काय शोभेला ठेवलाय मी? साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. शेजारीण तर घरी येऊन रडून गेली, वर कॉफी पिऊन गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"माझी लेक त्या कचेरीत आहे. म्हटलं, ती सांगेल. वाट बघत होते."

जोसेलिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे ते कडवं गाळायचंय तर. कुणाच्या डोक्यात आलं?" एर्मिनने विचारलं.

"साहेबांच्या."

"आणि तू?"

"मी हो म्हटलं."

म्हातारीने नारळाची वाटी बाजूला ठेवली आणि स्वतःच्या कपड्यांना नाही, लेकीच्याच स्कर्टला हात पुसले. जोसेलिनच्या लहानपणीही ती चिडली की अशीच पुसायची.

"मी गाईन तर सगळं गाईन, नाहीतर घरी बसेन. साहेबाला सांग, म्हातारी हट्टी आहे, डोक्याने गेलीय, ऐकत नाही. तुझी नोकरी राहील. तू हो म्हणालीस ते माझ्यापाशी राहू दे."

जोसेलिनने तिथेच बसून फोन लावला.

"साहेब, सेगा पूर्ण होईल. शेवटच्या कडव्यासकट. नाहीतर होणारच नाही."

"म्हातारी अडून बसली का?" साहेब वैतागून म्हणाले. "समजाव ना तिला."

एर्मिन मान हलवून खुणावत होती, हो म्हण, हो म्हण.

"नाही साहेब," जोसेलिन म्हणाली, "मी अडून बसलेय."