रोवणीच्या बांधावरचा बास्केटबॉल

मी बास्केटबॉल बोलतोय. अंगात हवा जरा कमी आहे, आवाज फुसका आला तर सांभाळून घ्या. डोकं तर आधीच चक्रावलेलं आहे.

गडचिरोलीकडच्या एका शाळेत आलो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. जी पोरगी मोकळी दिसेल तिच्याकडे जायचं, एवढंच माझं काम. सरळ होतं बाप्पा!

मग नववीत दिव्यानी आली. ताडमाड उंच, पण खेळात कच्ची. स्वतःच्याच पायात अडखळायची. खेळ शिकवणाऱ्या नूर मोहम्मद सरांचे डोळे चमकले. "हिच्याभोवती टीम बांधतो," म्हणाले. पक्क्या नेमाच्या नीलिमाला त्यांनी बाकावर बसवलं आणि चपळ फरहतला बजावलं, "रिंगमधी तू टाकू नोको. बॉल दिव्यानीले दे, बस."

झालं! आता मी फिरून फिरून दिव्यानीकडेच. आणि ती? मला झेललं की मान वळवायची आणि जी सगळ्यांच्या मागे राहिली असेल तिच्याकडे फेकून द्यायची! सर कपाळावर हात मारायचे. "अवं, तुह्यासाठी टीम बांधली, अन् तू बॉल वाटून काऊन राह्यली?"

दिव्यानी पुन्हा तेच करायची. मलाही उमजेना, मी नक्की कोणाचा?

त्यात चंद्रपूरच्या शाळेशी सामना ठरला आणि तिच्या आईने, शकुबाईने अट घातली. "चंद्रपूरवाल्या पोरींले हरवलं तर खेळ. नाई तर खेळ बंद."

सामन्याच्या तोंडावर रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली आणि दिव्यानी सरावाला येईना. सर मला फटफटीला बांधून थेट तिच्या शेतावर गेले. मला बांधावर ठेवलं. एका म्हशीने मला हुंगलं, ते राहू द्या. चिखलात बायका ओळीने वाकून रोवत मागे सरकत होत्या. एकीचा हात मंदावला की शेजारीण तिच्या पट्ट्यात चार रोपं लावून द्यायची. दिव्यानी तर दोन्हीकडे लावत होती.

"हे काऊन, शकुबाई?" सरांनी विचारलं.

"एक मागं राह्यली का ओळ तुटते ना, सर."

सरांनी मान डोलावली. पण टीम त्यांनी काही बदलली नाही.

सामन्यात चंद्रपूरच्या तिघी दिव्यानीला चिकटल्या. आम्ही एका गुणाने मागे, वेळ संपत आलेली. दिव्यानीने मान वळवली. मागे रिंगजवळ फरहत एकटीच होती. मी तिच्या हातात जाऊन पडलो. तिने मला घट्ट धरलं आणि सरांकडे पाहिलं. तिला टाकायची मनाई होती ना!

"टाक, फरहत, टाक!" सर ओरडले. तोवर शिटी वाजली होती.

संध्याकाळी सर मला काखेत घेऊन शकुबाईच्या दारात गेले. दिव्यानी चुलीपाशी बसली होती, डोळे रडून लाल झालेले. मला वाटलं, आता हिचा हात कायमचा सुटला. मला रडूच आलं.

"पोरीची चूक नाई," सर म्हणाले. "तिनं ओळ धरली होती, मीच तोडली."

शकुबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे मागं तुम्ही राह्यले, सर?"

"हो."

"मंग तुमच्या पट्ट्यात लावाच लागते. न्या पोरीले."

आता मी घासून घासून टकला झालोय. दिव्यानी मला अजून वाटतच असते, नीलिमा टाकते, फरहत टाकते, दिव्यानीही टाकते, आणि सर अजून म्हणतात, टीम दिव्यानीभोवतीच बांधली आहे. मला काही कळत नाही बुवा. तुम्हाला कळलं तर मैदानावर येऊन सांगा. आणि येताना पंप आणा.