शनिवारचा शेवटचा तास

शनिवारचा शेवटचा तास बुद्धिबळाचा, हे कुंडलिक गुरुजींनी कुणाला विचारून ठरवलं नव्हतं. शिनोलीच्या पुढे एसटी जिथे संपते, तिथून अर्ध्या तासाच्या चढावर त्यांची शाळा. तिथे विचारायला येतं कोण? फरशीवर खडूनं चौसष्ट घरं आखायची, लाकूड तासून केलेल्या सोंगट्या मांडायच्या आणि आपल्या आजोबांनी देवळाच्या ओसरीवर शिकवलेला खेळ पोरांना शिकवायचा. दोन वर्षांत फरक असा पडला, की गणित वाचायच्या आत उत्तर ठोकून देणारी पोरं आता थांबून बघायला लागली. भांडणात हात उगारलेला भागूसुद्धा क्षणभर विचार करायचा आणि बहुतेक वेळा हात खाली घ्यायचा.

पण तपासणीच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. नव्याण्णव साली केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांवरचे साहेब, तपासणीला आले आणि फरशीवरचे चौकोन बघून भडकले.

“तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्या चारांत एक पोर आणून दाखवा,” ते म्हणाले. “नाहीतर हा तास बंद. त्या वेळात शुद्धलेखन घ्या.”

गुरुजींनी सातवीतल्या हर्षालीला निवडलं. शाळेत तिला हरवणारं कुणी उरलं नव्हतं, खुद्द गुरुजीसुद्धा नाहीत.

स्पर्धा घोडेगावला होती. एकदा हरलं की घरी, असा हिशेब. पहिलाच डाव मंचरच्या एका मुलाशी पडला. त्यानं राजापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. हर्षालीनं हात वर केला.

“सर, ह्यानं दोन घरं टाकली. प्यादं एकच घर जातं.”

आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. पंचांनी तिला गप खेळायला सांगितलं. ती खेळली. थोड्या वेळानं तिनं राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारून कोपऱ्याकडे नेलं. गुरुजींच्या आजोबांच्या खेळात शह बसायच्या आधी राजाला एकदा ती मुभा असायची. इथे नव्हती. या वेळी अख्खा हॉल हसला. पंचांनी राजा परत जागेवर ठेवला आणि हात लावलाय तर आता राजाच हलव म्हणून बजावलं. भांबावलेल्या पोरीनं तो नको त्या घरात टाकला आणि तिथून पाचव्या खेळीला मात झाली.

गुरुजी तावातावानं पुढे आले. पोरानं लबाडी केली, पंचांनी डोळेझाक केली, डाव पुन्हा खेळवा, असं सगळं एका दमात बोलले. पंचांनी शांतपणे एक छापील पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरं जाता येतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. राजाच्या उडीचा कुठे पत्ता नव्हता. गुरुजींची वाचाच बसली.

“तुमची डोंगरातली पोरं पळायला चांगली असतात, गुरुजी,” पंच म्हणाले. “त्यांना पळवा. हे डोक्याचे खेळ कशाला?”

परतीच्या एसटीत गुरुजींची वाचा परत आली, आणि अशी की कंडक्टरही मागे वळून बघायला लागला.

“आमाला धाडलेल्या कागदावर काय व्हतं? तारीख, वेळ आन् जेवणाचा डबा आणा! नियमाचं पुस्तक कुणी धाडलं? हसायला मातर समदे हजर. ह्या पंचाच्या नावानं अर्जच करतो, थेट झेडपीला.”

यात खोटं काहीच नव्हतं. डोंगरातल्या शाळेला एक पुस्तक पाठवावं, हे तालुक्यात कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. हर्षाली खिडकीशी बसली होती.

“गुरुजी, ते पुस्तक कुठं मिळतं?” तिनं विचारलं.

“मंचरला मिळत असंल की.”

“तुमी तर दर म्हैन्याला मंचरला जाता.”

“जातो.”

“मग दोन वर्सांत एकदा बी इचारलं न्हाई?”

आजोबांचा खेळ हाच जगाचा खेळ, याबद्दल गुरुजींना कधी शंकाच आली नव्हती. पोरांना खेळीआधी दहादा विचार करायला लावणाऱ्या माणसाची ही तऱ्हा. त्यांना स्वतःचीच चीड आली.

“माजं चुकलं, पोरी,” ते म्हणाले.

“आता तास बंद व्हनार ना?”

“व्हनार.”

“चूक तुमची, आन् खेळ आमचा बंद?”

ती रडत नव्हती. तिला राग आला होता आणि तो अगदी रास्त होता. गुरुजींनी पिशवीतून कागद काढला. गाडी हिसके देत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं, तरी त्यांनी केंद्रप्रमुखांना लिहिलं, की मुलीचा काही दोष नाही, नियम चुकीचे शिकवले ते मी. खाली सही ठोकली आणि कागद हर्षालीच्या हातात दिला.

तिनं तो सावकाश, दोनदा वाचला आणि परत केला.

“यात शनवारच्या तासाचं काय बी न्हाई,” ती म्हणाली. “आन् पंच आमाला पळवा म्हनले, ते बी लिवा.”